ग्लँडर्स : घोड्यांच्या जीवघेण्या रोगाचा जनुकीय आराखडा
२००६ मध्ये पुणे व पाचगणी परिसरातील घोड्यांमध्ये ग्लँडर्स हा जीवघेणा संसर्गजन्य रोग आढळला. माणसालाही जडू शकणारा हा रोग ‘बर्कहोल्डेरिया मॅलेई’ या जीवाणूमुळे होतो. त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. दोन गुणसूत्रांत विभागलेल्या या आराखड्यात ‘डीएनए’ची सुमारे ५८ लाख अक्षरे आहेत, मातीत राहणाऱ्या ‘बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई’ या त्याच्या निकटच्या भाईबंदात ती सुमारे ७२ लाख आहेत. प्राण्यांच्या शरीरात स्थिरावताना मॅलेईने बाहेर तग धरण्यास आवश्यक असलेली अनेक जनुके गमावली. त्यामुळे बाधित घोडा हाच त्याचा मुख्य आसरा ठरतो. रोगावर लस नाही. म्हणूनच रक्ततपासणीत दोषी आढळलेल्या घोड्यास वेदनारहित मृत्यू देऊन संसर्गाची साखळी तोडावी लागते.