समलिंगी पुरुष आणि पॉडकास्ट : आपली ओळख आपल्याच आवाजात

ध्वनिमुद्रित कार्यक्रम इंटरनेटवरून भागाभागांनी प्रसिद्ध करायचा आणि श्रोत्याने तो आपल्या सवडीने उतरवून घेऊन ऐकायचा, या पद्धतीस पॉडकास्ट म्हणतात. ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्सली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये 'गार्डियन' या दैनिकातील लेखात हा शब्द वापरला. जून २००५ मध्ये अ‍ॅपल कंपनीने 'आयट्यून्स'मध्ये पॉडकास्टची सोय केली आणि हे माध्यम घरोघरी पोहोचले. त्याकडे अगदी आरंभीच वळलेल्यांमध्ये अमेरिकेतील समलिंगी पुरुष होते.

त्या काळी तेथे समलिंगी व्यक्तींविषयी बोलले जात होते पुष्कळ. पण बोलणारे बहुधा दुसरेच असत. मे २००४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात समलिंगी विवाहांना आरंभ झाला, तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ११ राज्यांतील मतदारांनी अशा विवाहांना बंदी करणाऱ्या घटनादुरुस्त्या मंजूर केल्या. वकील, धर्मोपदेशक आणि राजकारणी यांच्या वादात समलिंगी पुरुष हा केवळ चर्चेचा विषय होता. दूरचित्रवाणीवर तो दिसे, तो प्रामुख्याने नायिकेचा विनोदी मित्र किंवा कपड्यालत्त्यांचा सल्लागार म्हणून. भाजी आणणारा, घरभाडे भरणारा, जोडीदाराशी क्षुल्लक कारणावरून वाद घालणारा माणूस त्यात क्वचितच सापडे.

नभोवाणीवर काही प्रयत्न आधी झाले होते. लॉस एंजेलिस येथून १९८८ पासून 'धिस वे आउट' हा साप्ताहिक कार्यक्रम सामुदायिक केंद्रांवरून प्रसारित होत आला आहे. परंतु नभोवाणी म्हटली की परवाना, ठरावीक वेळ आणि सभ्यतेचे नियम आले. अमेरिकेत २००६ च्या कायद्याने असभ्य प्रसारणाचा कमाल दंड दहापट वाढवून ३ लाख २५ हजार डॉलर केला. इंटरनेटवरील ध्वनिमुद्रणास हे नियम लागू नव्हते. एक मायक्रोफोन, एक संगणक आणि बोलण्याची इच्छा एवढे भांडवल पुरेसे होते.

घरातला संवाद

शिकागोतील फाउस्तो फर्नोस आणि मार्क फेलिऑन या जोडप्याने फेब्रुवारी २००५ मध्ये 'फीस्ट ऑफ फूल्स' हा पॉडकास्ट सुरू केला. पुढे त्याचे नाव 'फीस्ट ऑफ फन' झाले. कलावंत, गायक, लेखक यांच्याशी गप्पा असे त्याचे स्वरूप. त्यातील राजकीय मतांइतकेच महत्त्व त्यामागील सहजतेला होते. दोन पुरुष एकमेकांचे वाक्य तोडतात, चेष्टा करतात, पुन्हा विषयावर येतात. हा संसाराचा सूर श्रोत्याच्या कानी पडत होता आणि त्यासाठी कोणतेही समर्थन मांडावे लागत नव्हते.

सिएटलमधील स्तंभलेखक डॅन सॅव्हेज यांच्या 'सॅव्हेज लव्हकास्ट'ने २००६ मध्ये आणखी एक वाट दाखवली. श्रोते दूरध्वनीवर आपला प्रश्न मुद्रित करून ठेवतात, सॅव्हेज त्याचे उत्तर देतात आणि ते उत्तर न पटल्यास इतर श्रोते पुन्हा आपले म्हणणे मुद्रित करून पाठवतात. प्रश्न विचारणाऱ्यांत भिन्नलिंगी स्त्रीपुरुषही असतात. एक समलिंगी पुरुष सर्वांच्या संसारातील पेच सोडवतो आहे, हे दृश्यच रूढ भूमिकांची अदलाबदल करणारे होते.

समलिंगी समाजातही सर्वांचे अनुभव सारखे नसतात. २०१२ मध्ये लुइव्हिल येथील सार्वजनिक नभोवाणीवरून जेसन गार्डनर आणि कायला स्टोरी यांनी 'स्ट्रेंज फ्रूट' सुरू केला. वर्ण आणि लैंगिकता या दोन्हींमुळे बाजूला पडलेल्या कृष्णवर्णीयांचे जगणे त्यात मांडले गेले.

गेलेल्यांचे आवाज

लेखक एरिक मार्कस यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या पुस्तकासाठी अनेक कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिफितींवर घेतल्या होत्या. त्यांतूनच २०१६ मध्ये 'मेकिंग गे हिस्टरी' हा पॉडकास्ट उभा राहिला. समलिंगी असल्यावरून १९५७ मध्ये सरकारी नोकरी गमावलेले आणि पुढे आयुष्यभर लढलेले खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी त्यात बोलतात. चित्रपटांचे अभ्यासक व्हिटो रुसो यांचाही आवाज त्यात आहे. रुसो १९९० मध्ये एड्सने निवर्तले. एड्सने एक पिढीच कापून काढल्याने तरुणांना अनुभव सांगणारी वडीलधारी माणसे उरली नव्हती. कुटुंबात आजोबांकडून नातवाकडे जाणारी आठवण येथे ध्वनिफितीने पोहोचवली.

मुंबईचा संदर्भ

मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले. छापील अंक मात्र घरात कुठेतरी ठेवावा लागतो आणि तो कोणाच्या तरी हाती लागू शकतो. कानातल्या आवाजाला कपाट लागत नाही. जिथे एका खोलीत चार माणसे राहतात, तिथे इअरफोन हाच तरुणाचा एकमेव आडोसा ठरतो. नवीन नोरोन्हा आणि फरहाद करकारिया यांचा 'कीपिंग इट क्वीअर' हा पॉडकास्ट २०१७ मध्ये मुंबईतून सुरू झाला, तेव्हा कलम ३७७ अन्वये समलिंगी संबंध गुन्हाच होते. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध त्या कलमातून वगळले, ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. विवाहाचा हक्क देण्यास मात्र न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला.

मर्यादा

या माध्यमाचे बळ हीच त्याची मर्यादाही आहे. श्रोता निवेदकाला ओळखतो. निवेदक श्रोत्याला ओळखत नाही. एकट्याने ऐकणारे शंभर जण म्हणजे समाज नव्हे. ते पत्र लिहितात, आपला आवाज पाठवतात, जाहीर ध्वनिमुद्रणास येऊन शेजारी बसतात, तेव्हा समाज घडू लागतो. शिवाय या ध्वनिमुद्रणांचे आयुष्य बेभरवशाचे असते. साठवणुकीचे शुल्क भरणे थांबले की भाग नाहीसे होतात. मार्कस यांच्या फिती जपल्या गेल्या म्हणून ते आवाज आज ऐकू येतात.

तिसरा प्रश्न भाषेचा. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्टची स्थापना केली आणि या विषयावर मराठीतून लेखन केले. त्याचे मोल इथे कळते. इंग्रजी पॉडकास्ट ऐकून मुलाला आपण एकटे नाही हे समजते. पण हीच गोष्ट आईला सांगायची वेळ येते तेव्हा त्याला मराठी शब्द हवे असतात. ते शब्द आधी कोणाच्या तरी तोंडून सहजपणे उच्चारलेले ऐकले असतील, तर ते त्याच्याही तोंडी येतात.