इशारा मिळाला, तरी माणसे घरीच राहिली

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री बंगालच्या उपसागरातील एक चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या, किनाऱ्यावर धडकले. वेळ भरतीची होती. उपसागराचे हे टोक उथळ आणि नरसाळ्यासारखे निमुळते आहे. वाऱ्याने ढकललेले पाणी तेथे सुमारे ६ मीटर चढले आणि मेघना नदीच्या मुखाजवळची भोला व इतर सखल बेटे बुडाली. ३ ते ५ लाख माणसे मेली, असा अंदाज आहे.

इशाराच मिळाला नसेल, असे आपल्याला सहज वाटते. पण नंतरच्या पाहणीत वेगळेच दिसले. सुमारे ९० टक्के लोकांना वादळ येत असल्याचे ठाऊक होते. पक्क्या इमारतीत आसरा घेतला तो मात्र अवघ्या १ टक्का लोकांनी!

मग हे लोक अडाणी होते का? त्यांच्या जागी उभे राहून पाहू. तीनच आठवड्यांपूर्वी एक वादळ येऊन गेले होते. इशारा त्याचाही मिळाला होता, पण नुकसान त्यामानाने थोडे झाले. नवा धोका माणूस मागच्या अनुभवानेच मोजतो. शिवाय जायचे कुठे? बेटांवर पक्की घरे विरळाच. आणि गुरेढोरे सोडून गेल्यास जीव वाचला तरी पुढे जगायचे कशावर?

२९ एप्रिल १९९१ रोजी पुन्हा मोठे वादळ आले. तोवर काही निवारे बांधले गेले होते, इशारा देणाऱ्या स्वयंसेवकांची फळीही उभी होती. तरी सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. निवारे अपुरे आणि अनेकांना दूर होते. चोरीच्या भीतीने काहींनी घर सोडले नाही. परक्या पुरुषांच्या गर्दीत जायला अनेक स्त्रिया कचरल्या. मृतांत स्त्रिया व मुलांचे प्रमाण अधिक होते.

या दोन वादळांनंतर उपाय झाले ते नेमके या कारणांवर. निवारे वाढले; त्यांतले बरेचसे एरवी शाळा म्हणून वापरले जातात. स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या आल्या. गुरांसाठी मातीचे उंचवटे झाले. त्यांना तेथे ‘किल्ला’ म्हणतात. मे २०२० मध्ये ‘अम्फान’ वादळाआधी बांगलादेशात २० लाखांहून अधिक लोक हलवले गेले आणि तेथील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. सगळी वादळे सारखी नसतात हे धरूनही हा फरक मोठा आहे.

तेव्हा पूर किंवा वादळाचा धडा शिकवताना ‘लोकांनी ऐकले का नाही?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘ऐकून ते जाणार कुठे होते आणि मागे काय सोडून?’ हेही वर्गात विचारावे.