शिसवी कोरीव खुर्ची (फ्रेंच घाटाची)

शिसवी कोरीव खुर्ची : वळणदार पाय, हात, कोरीव पाठ आणि वेताने विणलेली बैठक असलेली जुन्या दिवाणखान्यातील खुर्ची. कोल्हापूरसारख्या संस्थानी गावांतील जुन्या सामानात अशी खुर्ची निघाली की तिला सरसकट ‘फ्रेंच’ म्हणतात. घाट फ्रेंच आहे यात वाद नाही. पंधराव्या लुईच्या (कार. १७१५–७४) काळातील रोकोको शैलीचे एकोणिसाव्या शतकात युरोपात पुनरुज्जीवन झाले आणि तेच नमुने मुंबईच्या कारागिरांपुढे आले. मात्र घाटावरून घडणीचे ठिकाण ठरत नाही. ते लाकडावरून आणि कोरणीवरून ठरवावे लागते. फ्रेंच कारागीर चौकटीसाठी मुख्यतः बीच किंवा अक्रोड वापरत, व बीचवर बहुधा रंग किंवा सोनेरी मुलामा चढवीत. मुंबईची खुर्ची सह्याद्रीतही वाढणाऱ्या भरीव काळ्या शिसवाची, जड आणि नुसत्या पॉलिशची असते. फ्रेंच कोरणी चौकटीच्या रेषेला धरून राहते. मुंबईची वेलबुट्टी पाठभर पसरते आणि अनेकदा आरपार कोरलेली असते. अभिरुचीच्या दृष्टीने हा अतिरेक म्हणता येईल, पण ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.

खुर्ची मुंबईची असावी या अनुमानावर आक्षेप असा की, संस्थानिक थेट युरोपातूनही सामान मागवीत. ते खरे आहे. मेजर चार्ल्स मांट यांच्या आराखड्यावरून कोल्हापूरचा नवा राजवाडा १८७७–८४ मध्ये उभा राहिला, तो याच हौसेचा काळ. परंतु मुंबईचे शिसवी फर्निचरही तेव्हा भरात होते आणि १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर रेल्वे सुरू झाल्यावर अवजड सामान आणणे सोपे झाले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : भारतीय शिसव युरोपातही जात असे, तेव्हा केवळ लाकूड हा निर्णायक पुरावा नव्हे. म्हणूनच लाकूड आणि कोरणी दोन्ही जुळल्याशिवाय निर्णय देऊ नये. राजवाड्यातून आल्याची सांगोवांगी तर पुराव्यात धरूच नये.

वेताची बैठक पाहून खुर्ची फ्रेंच ठरवणे उलटेच आहे. वेत मूळचा आशियाचा. सतराव्या शतकात डच व इंग्रज कंपन्यांच्या व्यापारातून तो युरोपात रुळला. बैठकीच्या चौकटीला ओळीने भोके पाडून त्यांतून वेताच्या पट्ट्या उभ्या, आडव्या व तिरप्या ओवल्या की आठकोनी छिद्रांची जाळी तयार होते. यंत्रावर विणलेली जाळी मात्र खाचेत ठोकून बसवतात. हातविणकाम आजही चालत असल्याने भोकांवरून खुर्चीचे वय ठरत नाही, आणि बैठक तर वरचेवर बदललेली असते. उष्ण, दमट हवेत गादीपेक्षा ही जाळी सोयीची, कारण तिच्यातून वारा खेळतो.

गाद्या व कापड : बहुधा नंतरची भर.

शिसवाची डालबर्जिया प्रजाती २०१७ पासून वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. अशी खुर्ची परदेशी पाठवण्यापूर्वी परवान्याची चौकशी करावी.