नागपूरचा झेंडा, विदुराश्वत्थचा झेंडा

व्हाइटफील्डला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना नागपूरचा झेंडा सत्याग्रह निदान शाळेच्या पुस्तकामुळे ठाऊक असतो. १९२३ साली सिव्हिल लाइन्समधून चरख्याचा झेंडा नेण्यास बंदी होती. १ मेपासून रोज तुकडी निघे, रोज अटक होई. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली आणि १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्याने पार पडली.

आपल्या कर्मभूमीतील लढा मात्र फारसा कुणी सांगत नाही. तेव्हा इथे म्हैसूर संस्थान होते आणि काँग्रेसचा झेंडा सरकारला खपत नसे. एप्रिल १९३८ मध्ये मद्दूरजवळ शिवपुर येथे बंदी मोडली गेली; टी. सिद्धलिंगय्यांना अटक झाली. २५ एप्रिलला गौरीबिदनूरजवळ विदुराश्वत्थ येथे जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा दहा मृतांचा, लोक बत्तीस सांगतात. मग वल्लभभाई (पुन्हा तेच!) आणि कृपलानी आले, दिवाण मिर्झा इस्माईल यांच्याशी बोलणी झाली. समारंभात संस्थानाचा आणि काँग्रेसचा असे दोन्ही झेंडे लावावेत, असे ठरले. राजाचा झेंडा उतरवा, असा हट्ट कुणी धरला नाही, हे मला विशेष वाटते.

स्वतंत्र भारतातही सामान्य माणसाला वर्षभर तिरंगा लावायची मोकळीक २००२ साली मिळाली. सन्मानाने ध्वज लावणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला.

नंदी हिल्सला आपण सारे जाऊन आलो असू. विदुराश्वत्थ तिथून फार लांब नाही. हुतात्म्यांचे स्मारक तिथेच आहे.