आमवाताची गोळी आणि यकृत

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, यावर बहुधा पहिले औषध मेथोट्रेक्सेट असते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. सोबत फॉलिक ॲसिड दिल्याने यकृताचा त्रास कमी होतो.

हा त्रास नेमका कोणाला होईल, हे कोणतीही एक तपासणी सांगत नाही. धोका कोणाला जास्त, हे मात्र आधी कळते: मद्यपान, लठ्ठपणा, मधुमेह, फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस बी किंवा सी, कमजोर मूत्रपिंड. म्हणून औषधापूर्वी एसजीपीटी, एसजीओटी, क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिसची तपासणी करतात. नंतर पहिले 3 महिने दर 2 ते 4 आठवड्यांनी आणि पुढे स्थिरावल्यावर साधारण दर 3 महिन्यांनी रक्त तपासतात. गोळीनंतर एक-दोन दिवस एसजीपीटी तात्पुरते वाढू शकते; म्हणून रक्त पुढच्या गोळीच्या आधी द्यावे.

इंदूरच्या आपल्या घरांतही गुळवेलीचा काढा सहज घेतला जातो. मुंबईत 2020 मध्ये गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचा अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, काढा, टीबीची गोळी, अधूनमधून होणारे मद्यपान, हे सारे डॉक्टरांना सांगावे. अंदाज त्यावरच बांधला जातो.

डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. भीतीपोटी औषध मनाने सोडू नये. वाकडे झालेले सांधे पुन्हा सरळ होत नाहीत.