झिरो माइलचे शून्य

नागपुरात सीताबर्डी आणि सदर यांच्यामध्ये झिरो माइलचा वालुकाश्माचा स्तंभ उभा आहे. शेजारी चार घोडे आहेत, पायथ्याशी गावांची नावे व मैलांची अंतरे कोरलेली आहेत. भारताचा मध्यबिंदू म्हणून तो लोकांना माहीत आहे. दगडावर मात्र मध्याचा दावा नाही. तेथे १९०७ हे साल आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची आहे : १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. हे ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’चे तलचिन्ह, उंचीचा आधारबिंदू.

ठिकाण आणि उंची ही दोन कामे सर्वेक्षणात वेगवेगळी चालत. ठिकाणासाठी त्रिकोण जोडत जावे लागे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली. त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत असताना, नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला जानेवारी १८२३ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले. पृथ्वीच्या आकाराचे त्याने मांडलेले गणित भारताच्या नकाशांचा पाया ठरले.

उंचीसाठी दुर्बीण आणि पट्टी. दोन जागांवर पट्ट्या उभ्या करायच्या, मधून आडव्या रेषेत पाहून फरक लिहायचा आणि पुढे सरकायचे. १८५८ ते १९०९ या काळात किनाऱ्यावरच्या नऊ भरती-मापन केंद्रांपासून हे जाळे देशभर पसरले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या नागपुरात फुटाच्या हजाराव्या भागापर्यंतचा आकडा कोरला गेला, तो या कंटाळवाण्या मजुरीच्या जोरावर.

आज सदरच्या बाजारात मोबाइल ठिकाण सांगतो ते वेळ मोजून. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली जागा व संदेश सुटल्याची वेळ कळवतात. संदेश यायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. घड्याळ सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाने चुकले, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. मोबाइलचे घड्याळ तेवढे चोख नसते, म्हणून त्याची चूकही गणितातच शोधतात आणि तीनऐवजी चार उपग्रह लागतात. दाट इमारतींत लहरी भिंतींवर आपटून उशिरा येतात. तेव्हा मोबाइल टॉवर आणि दुकानादुकानांतले वाय-फाय यांचा आधार घेतला जातो. वातावरणाच्या वरच्या थरांमुळे येणारी चूक विमानांसाठी ‘गगन’ यंत्रणा दुरुस्त करते. तिचे एक संदर्भ केंद्र नागपुरात आहे.

उंचीच्या बाबतीत मात्र उपग्रह अजून कच्चेच. उपग्रह सगळे वरच्या बाजूला असल्याने उभी चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी राहते. शिवाय जीपीएसचे शून्य समुद्रसपाटी नव्हे, तर पृथ्वीसाठी मानलेला एक गणिती लंबगोल आहे. भारतात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या कितीतरी मीटर खाली असल्याने झिरो माइलला उपग्रहाचा कच्चा आकडा ३११ पेक्षा बराच कमी येतो; पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा तक्ता वापरून तो सुधारावा लागतो. सदरच्या उड्डाणपुलावरची गाडी आणि पुलाखालची गाडी यांचे अक्षांश-रेखांश एकच असतात. त्यांतली कुठली कुठे आहे, हे नकाशाचे अॅप बहुधा वेग, वळणे आणि आधीचा रस्ता पाहून अंदाजानेच ठरवते. काही मोबाइलमधला हवेच्या दाबाचा संवेदक त्यात थोडी मदत करतो.