परतीचा आवाज

आमच्या बालाघाट जिल्ह्याला विद्यापीठ कायम लांबच राहिले. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले तेव्हा आम्ही मध्य प्रांतात होतो, राजधानी नागपूर होती आणि गोंदियामार्गे तिकडे जाणे हाच आमचा शिरस्ता होता. १९४६ मध्ये डॉ. हरिसिंग गौर यांनी सागरला विद्यापीठ उभे केले. १९५६ मध्ये जबलपूरला झाले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन आमची राजधानी भोपाळला गेली. पुढे आमची महाविद्यालये जबलपूरशी जोडली गेली. जबलपूरला जायचे म्हणजे नैनपूरमार्गे छोट्या लाइनच्या गाडीत बसायचे, जंगल बघत आणि डुलक्या घेत. ती गाडी २०१५ मध्ये थांबली. २०१९ मध्ये छिंदवाड्याला नवे विद्यापीठ निघाले. वाराशिवनी, कटंगी, लांजी इकडच्या मराठी घरांतली मुले या सगळ्या स्थित्यंतरांत घरी मराठी, शाळेत हिंदी आणि पदवीच्या पुस्तकात इंग्रजी अशी तीन भाषांची शिदोरी घेऊन चालत राहिली.

मी १९८१ पासून २०२० पर्यंत जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. वर्गात त्याला भौतिकी म्हणायचे. एवढ्या वर्षांत लांबचे विद्यापीठ आकाशमार्गे जवळ आणण्याचे जे जे प्रयत्न झाले, त्यांतले काही मी दुरून पाहिले आणि काहींत माझा हातही होता. त्यांचा इतिहास इंग्रजी अहवालांतून लिहिला गेला आहे. तो बहुधा उपग्रह कधी सुटला आणि किती ठिकाणी छत्र्या बसल्या याचा असतो. मला त्यातली दुसरी बाजू सांगायची आहे. चित्र खाली उतरले हे खरे, पण खालच्या पोराचा प्रश्न वर कसा गेला?

कल्पना जुनी. एका जागी स्थिर दिसणाऱ्या उपग्रहावरून साऱ्या जगाशी बोलता येईल, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवले होते. इंग्लंडात मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी १९७१ च्या जानेवारीत शिकू लागले. त्यांचे पाठ बीबीसीवरून दाखवले जात. पण तिकडे घरोघरी टीव्ही होता आणि टपालही वेळेवर यायचे. आपल्याकडे विक्रम साराभाईंनी थेट उपग्रहावरच उडी मारायचे ठरवले. १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले, पण काम थांबले नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत एटीएस-६ नावाचा अमेरिकेचा उपग्रह आपल्याला वापरायला मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. हाच तो 'साइट' प्रयोग. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक तेव्हा यशपाल होते आणि प्रयोगाच्या व्यवस्थेची धुरा एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होती. चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. शंभरी पूर्ण करून ते २०२५ मध्ये गेले.

गंमत पाहा, प्रयोगाचा कारभारी मराठी, पण प्रयोगात मराठी नाही. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड या भाषांतून कार्यक्रम होत. मध्य प्रदेशातली खेडी निवडली ती रायपूर, बिलासपूर आणि दुर्गकडची, म्हणजे आमच्या पूर्वेच्या डोंगरापलीकडच्या छत्तीसगडातली. मी तेव्हा कॉलेजात होतो. तिकडून येणारे पाहुणे सांगत की शाळेच्या छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री बसवली आहे आणि संध्याकाळी गाव टीव्हीपुढे बसते. आम्हाला ती थाप वाटे. ती थाप नव्हती. जाळी खरोखर तसलीच होती, कारण ती स्वस्त पडे आणि वाऱ्याला अडवत नसे. सकाळचे कार्यक्रम शाळेच्या मुलांसाठी असत, संध्याकाळचे मोठ्यांसाठी. पण पडद्यावरच्या माणसाला उलट काही विचारायची सोय त्यात नव्हती. वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि कित्येक गावांत नुसती छत्री उरली.

कॉलेजच्या पोरांची पाळी आली ती १५ ऑगस्ट १९८४ ला. आपला स्वतःचा इन्सॅट-१ बी एव्हाना वर गेला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष तेव्हा माधुरी शाह होत्या, ज्या आधी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला. दुपारी तासभर, पुन्हा संध्याकाळकडे तासभर. हेतू सरळ होता. ज्या लहान गावांतल्या कॉलेजांत धड प्रयोगशाळा नाही नि ग्रंथालयही नाही, तिथल्या मुलांपर्यंत चांगले शिक्षक न्यायचे. म्हणजे आमच्यासाठीच. कार्यक्रम बनवणाऱ्या पहिल्या काही केंद्रांत पुणे विद्यापीठही होते. पुढे १९८६ मध्ये यशपाल स्वतःच आयोगाचे अध्यक्ष झाले आणि या कामाला आणखी बळ आले.

मी मुलांना घेऊन ते कार्यक्रम पाहत असे. खोटे कशाला बोलू, मीच जास्त पाहत असे. ज्या प्रयोगांची मी फळ्यावर नुसती आकृती काढली होती, ते डोळ्यांपुढे होताना दिसत. पण भाषा इंग्रजी, आणि तीही भरधाव. तास संपला की मुले माझ्याकडे वळत आणि मी हिंदीत सगळे पुन्हा सांगे. ज्यांच्या कपाळावर आठ्या दिसत, त्यांना व्हरांड्यात मराठीतून तिसऱ्यांदा. शिवाय हे सगळे आधी चित्रित केलेले. शंका आली तर पोस्टकार्ड लिहायचे, तोच परतीचा रस्ता. आमची दोन-चार कार्डे गेलीसुद्धा. पण कार्ड लिहिण्याइतकी शंका सुस्पष्ट झाली असेल तर ती अर्धी सुटलेलीच असते. खरी शंका बोबडी असते. ती त्याच क्षणी, समोरच्याचा चेहरा पाहून अर्धवट वाक्यात विचारली जाते.

हे काही मी एकट्यानेच ओळखले असे नाही. नव्वदच्या दशकात दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने उपग्रहाच्या साह्याने थेट वर्ग सुरू केले. चित्र एका बाजूने जायचे, आवाज दोन्ही बाजूंनी. शिक्षक दिल्लीच्या स्टुडिओत, विद्यार्थी गावोगावच्या केंद्रांत, आणि प्रश्न टेलिफोनवरून. आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, झाबुआत, इस्रोने १९९६ मध्ये १५० गावांत टीव्ही संच बसवले आणि विकासखंडांच्या ठिकाणी बारा उलट बोलायची यंत्रे दिली. तो वर्ग विद्यापीठाचा नव्हता, शेती, आरोग्य, पंचायत असे विषय होते. पण १५० गावांना ऐकू येते आणि बारा ठिकाणांहून बोलता येते, हे प्रमाण पाहून मला त्या काळाचे सगळे गणित कळले. ऐकवणे स्वस्त असते, ऐकून घेणे महाग.

मग २० सप्टेंबर २००४. श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट गेला, केवळ शिक्षणासाठी सोडलेला भारताचा पहिला उपग्रह. वजन १,९५० किलो. त्याच्या प्राथमिक चाचणीसाठी जी तीन विद्यापीठे निवडली होती त्यांची नावे सीमाभागातल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावीत: बेळगावचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि भोपाळचे राजीव गांधी तांत्रिक विद्यापीठ. एक सीमेवर, एक सीमेच्या आत, एक आमच्या डोक्यावर! नाशिकचे विद्यापीठ १९८९ मध्ये राम ताकवले यांच्या हाताखाली उभे राहिले. मराठीतून पदवीपर्यंत नेणारे ते मुक्त विद्यापीठ. उपग्रहाच्या प्रादेशिक झोतांनी मोठमोठे प्रदेश एका वेळी व्यापले होते आणि आकाशाला राज्याची हद्द ठाऊक नसते. पण जमिनीवरची छत्री कोणाच्या जाळ्यातली, हे ज्याचे त्याचे राज्य नि ज्याचे त्याचे विद्यापीठ ठरवी. लांजीहून आमगाव केवढेसे? पण तिकडची मराठी आकाशवाट इकडे उतरत नव्हती.

त्याच सुमारास एका संस्थेच्या थेट वर्गांसाठी आमच्या केंद्रावर मी स्थानिक शिक्षक म्हणून बसत असे. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, सगळीकडे असेच चालले होते. खोलीत मोठा टीव्ही, एक माइक, तीस-पस्तीस मुले. पावसाळ्यात ढग दाटले की चित्राचे चौकोन चौकोन होत. या लहरी पाण्यात विरतात, हे मुलांना शिकवायला वेगळा प्रयोग लागला नाही. लाइट गेली की जनरेटर, जनरेटरला डिझेल नसले की सुट्टी. हे सगळे सोसता येत होते. न सोसणारी गोष्ट वेगळीच होती. पलीकडून आवाज येई, "बालाघाट, कोई प्रश्न?" आणि बालाघाट गप्प.

मुलांना प्रश्न नसत असे मुळीच नाही. माइक हातात आला की हिंदी शुद्ध बोलायची धास्ती वाटे, साऱ्या राज्याची केंद्रे ऐकत आहेत याची लाज वाटे. त्यात उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर, आपला आवाज तिथे जाऊन खाली पोचायला पाव सेकंद आणि उत्तर यायला आणखी पाव. एवढ्या अर्ध्या सेकंदाच्या शांततेत लाजरा मुलगा समजतो की आपले काहीतरी चुकले आणि माइक शेजाऱ्याला देऊन टाकतो. शिक्षकाला मुलांचे चेहरे दिसत नाहीत. तो म्हणतो, "अच्छा, आगे चलते हैं."

मग मी चिठ्ठ्या सुरू केल्या. तास चालू असताना ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहा, नाव घालू नका, मी हिंदी करून विचारतो. पहिल्याच आठवड्यात डबा भरला. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या मराठीत, काही पोवारीत. एक चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. त्या दिवशी विषय उपग्रहाचाच होता. चिठ्ठीत लिहिले होते: "तो स्थिर आहे म्हणता, मग खाली का पडत नाही? फेकलेला दगड तर पडतो."

मी माइकवर तो प्रश्न हिंदीत विचारला. पलीकडचे प्राध्यापक क्षणभर थांबले. मग त्यांनी पुढचा अख्खा भाग बाजूला ठेवला आणि वीस मिनिटे तेवढ्यावरच बोलले. भूस्थिर या शब्दातला स्थिर फसवा आहे, हे त्यांनी आधी सांगितले. उपग्रह सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने धावतो, तो सतत पडतच असतो, फक्त पृथ्वीही त्याच्याखालून तितकीच वळत जाते. पृथ्वी स्वतःभोवती फिरायला जेवढा वेळ घेते तेवढ्यातच त्याची फेरी होते, म्हणून तो आपल्याला टांगल्यासारखा दिसतो. मागच्या बाकावरून कोणीतरी "हां!" म्हणाले. चिठ्ठी कोणाची होती हे मला तेव्हाच समजले. कटंगीकडून रोज बसने येणारी ती मुलगी वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती.

एज्युसॅटचे काम २०१० मध्ये संपले. जाळी दुसऱ्या उपग्रहांवर गेली. २०१७ मध्ये 'स्वयंप्रभा' आली, बत्तीस वाहिन्या, रोज चार तासांचा नवा मजकूर आणि तोच दिवसभर फिरून फिरून. घरच्या छत्रीवर फुकट दिसते, ही मोठीच सोय. पण परतीच्या रस्त्याचा विचार केला तर आपण पुन्हा १९८४ च्या जवळपास आलो होतो, पोस्टकार्डाऐवजी संगणकाचा पत्ता एवढाच फरक.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माझ्या नोकरीचे अखेरचे महिने उरले होते. जे उपग्रहाने पंचेचाळीस वर्षांत केले नव्हते ते एका आठवड्यात मोबाइलवर करा, असा हुकूम आला. बैहर नि परसवाड्याकडच्या जंगलपट्टीतल्या मुलांना चित्र दिसणे मुश्कील होते. चित्रावर पाणी सोडून मी दहा-दहा मिनिटांचे आवाजाचे तुकडे पाठवू लागलो. मुलांनाही सांगितले, लिहू नका, बोलून पाठवा, रात्री उशिरा पाठवले तरी चालेल.

तेव्हा जे झाले ते चार दशकांत झाले नव्हते. प्रश्न येऊ लागले, मराठीत, हिंदीत, अर्धे-अर्धे. मागे कोंबडा आरवतो आहे, आई कोणाला तरी हाक मारते आहे, कुणी टेकडीवर चढून दम टाकत बोलतो आहे. दुसऱ्या कोणाला ऐकू जात नव्हते, म्हणून लाज नव्हती. चुकले तर पुसून पुन्हा बोलता येत होते. एकाने रात्री अकराला पाठवलेला तुकडा असा होता: "सर, तुमी मंगळवारी सांगितलं ते मले समजलं नाही. हिंदीत नका सांगू. घरी आजीसंग बोलता तसं सांगा."

मी त्याला तसे सांगितले. सव्वा तास लागला, सात तुकडे झाले. पुढे ते सात तुकडे वर्गातल्या अकरा जणांनी एकमेकांना पाठवले, असे मला परीक्षेनंतर कळले.